मन आजारी असताना नोकरी शोधणे



या पानांवर मी आजवर बँकेतल्याच गोष्टी लिहिल्या. वारसनोंद का करावी, मुदत ठेव कधी मोडू नये, वगैरे. आजचा विषय निराळा आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नैराश्य आणि चिंता हे दोन्ही आजार सोबत घेऊन बराच काळ नोकरी शोधत होता. त्या काळात आम्ही काय शिकलो ते त्याच्या परवानगीने, त्याचे नाव न घालता लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. पण अर्ज, मुलाखत, कर्जाचा हप्ता आणि घरातली माणसे या बाजू मी जवळून पाहिल्या आहेत.

भाचा बीकॉम. बडोद्याच्या एका कारखान्यात सहा वर्षे अकाउंट्स सांभाळत होता. तिथली माणसे कमी केली, त्यात त्याचे नाव निघाले. सुरुवातीला रोज सकाळी करजणहून मेमू धरून तो बडोद्याला जाई, मकरपुरा जीआयडीसीत फिरे, कधी पोरला जाई. चार महिन्यांनी तो स्टेशनपर्यंत जाऊन परत येऊ लागला. मग तेही थांबले.

आणि मी, त्याचा निवृत्त मामा, काय करत होतो? रोज संध्याकाळी विचारत होतो, "आज किती अर्ज टाकले?" शाखेत थकबाकीचा आढावा घ्यावा तसा. तो म्हणे, "पाच." कधी "सात." पुढे कळले की त्या महिन्यात त्याने एकही अर्ज केला नव्हता. मला उत्तर द्यायचे म्हणून तो रोज आकडा बनवत होता. नोंद खोटी त्याची, पण ती करायला लावणारा मी होतो.

हा आळस नव्हे

दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. नोकरी गेल्यावर वाईट वाटणारच. पण दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवायला हवे. चिंतेच्या आजारात छाती धडधडते, हाताला घाम येतो, पोटात गोळा येतो, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते ती माणूस टाळू लागतो. टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी टाळतो. फोन वाजला तरी उचलत नाही, ईमेल उघडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो.

आता नोकरीच्या शोधाला काय लागते ते पाहा. लक्ष लागते, उत्साह लागतो, अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य लागते आणि नकार पचवायची ताकद लागते. नेमके हेच सारे हा आजार काढून घेतो. पाय मोडलेल्या माणसाला आपण "पळ" म्हणत नाही. मन आजारी असेल तर मात्र म्हणतो.

अशी माणसे थोडी नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये गुजरातसह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य असलेल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते.

बेकारीने मनाचे काय होते

नव्वद वर्षांपूर्वीचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव होते. गावात एकच मोठी गिरणी. ती मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला व १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वाटेत थांबू लागले. दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगता येईना.

याहोडांनी पुढे मांडले ते असे, की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सर्वांनी मिळून गाठायचे उद्दिष्ट, समाजात ओळख आणि हाताला नियमित काम. नोकरी जाते तेव्हा या पाचही जातात. जर्मनीतल्या पॉल आणि मोझर या संशोधकांनी २००९ मध्ये पूर्वीच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. मानसिक त्रास असलेल्यांचे प्रमाण बेकारांत ३४ टक्के आणि नोकरीत असलेल्यांत १६ टक्के निघाले.

म्हणजे आजारामुळे नोकरी मिळणे कठीण, आणि नोकरी नसल्यामुळे आजार वाढतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते.

आधी बरे होणे की आधी नोकरी?

आमच्या घरात हाच वाद होता. बहीण म्हणे, "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू." मी म्हणे, "नोकरी लागली की आपोआप बरा होईल." दोघेही चुकत होतो. पूर्ण बरे होण्याची वाट पाहत घरी बसले तर वर सांगितलेल्या पाच गोष्टी आणखी दुरावतात. आणि नोकरीलाच औषध मानले तर प्रत्येक नकार म्हणजे औषध नाकारल्यासारखे होते.

अमेरिकेत डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत घालून दिली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण देत न बसता त्यांच्या आवडीचे खरे काम लवकर मिळवून द्यायचे, आणि उपचार व आधार कामाबरोबरच चालू ठेवायचे. अनेक देशांतल्या चाचण्यांत ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा जास्त लोकांना कामावर नेऊ शकली. आपल्याकडे अशी सोय सहसा मिळत नाही, पण तत्त्व घरीही वापरता येते: उपचार आणि शोध दोन्ही एकाच वेळी, मात्र शोधाचा भार हलका ठेवून.

आपल्या गावचीच गोष्ट घ्या. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ साली डभोई ते मियागाम ही नॅरोगेज सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत. पुढच्या वर्षी इंजिन आणून पाहिले, तर रुळांना त्याचे वजन पेलेना. म्हणून कोणी लाइन उखडून टाकली नाही. बैल पुन्हा जुंपले, गाडी चालू ठेवली आणि पुढे रूळ मजबूत झाल्यावर इंजिन धावले. भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा बऱ्याच दिवसांनी तो हसला. म्हणाला, "मामा, म्हणजे मी सध्या बैलगाडी." मी म्हटले, "हो, पण रुळावरची."

उपचार कुठे

करजणकरांसाठी पहिली पायरी म्हणजे आपले नेहमीचे डॉक्टर किंवा सरकारी आरोग्य केंद्र. त्यांच्याकडून पुढे कुठे जायचे ते विचारावे. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. नावाला घाबरू नये. तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून माणसे त्याच दिवशी घरी येतात.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर ते मनावर घ्यावे, त्या माणसाला एकटे सोडू नये, शांतपणे विचारावे आणि लगेच या क्रमांकावर किंवा रुग्णालयात जावे. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नयेत. भाच्याने तिसऱ्या महिन्यात स्वतःच बंद केल्या होत्या. त्याचे दोन महिने पुन्हा मागे गेले.

शोधाची वही

समुपदेशक बाईंनी माझी अर्ज मोजायची सवय आधी बंद केली. म्हणाल्या, "काका, तुम्हाला वही ठेवायचीच असेल तर वेगळी ठेवा." मग आम्ही ठरवले ते असे:

१. शोधाला रोज ठरावीक दोनच तास, सकाळी दहा ते बारा. बारा वाजता वही बंद. दिवसभर शोधत राहणारा माणूस दिवसभर स्वतःला दोष देत असतो.

२. वहीत फक्त आपल्या हातातल्या गोष्टी लिहायच्या. 'अर्ज पाठवला' ही नोंद होते. 'उत्तर आले नाही' ही नोंद होत नाही, कारण ते आपल्या हातात नाही.

३. मोठे काम लहान करायचे. 'बायोडेटा करणे' हे एका दिवसाचे काम नाही. सोमवारी जुना बायोडेटा शोधणे, मंगळवारी पत्ता आणि फोन बदलणे, बुधवारी शेवटच्या नोकरीच्या चार ओळी लिहिणे.

४. वाईट दिवसासाठी सर्वांत लहान काम आधीच ठरवून ठेवायचे. उदाहरणार्थ, आंघोळ करून कोपऱ्यापर्यंत चालून येणे. तेवढे झाले तरी त्या दिवशी बरोबरची खूण.

५. अर्ज थोडे, पण निवडून. आठवड्याला तीन. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि गुजरात सरकारचे 'अनुबंधम' ही दोन्ही पोर्टले विनामूल्य आहेत. पण आपल्या भागात लहान जिनिंग, बियाणे, वाहतूक या धंद्यांतली कामे बऱ्याचदा ओळखीनेच कळतात. म्हणून आठवड्यातून एका ओळखीच्या माणसाला फोन.

पहिल्या आठवड्यात सातपैकी तीन दिवस खूण होती. मी म्हणणार होतो, "फक्त तीन?" जीभ चावली.

'च'चा त्रास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि पुस्तके लिहून ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत आणली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिचा खूप प्रसार केला. त्यांची 'आवाहन' ही यूट्यूब वाहिनी मराठीतच आहे, ती जरूर पाहावी.

या पद्धतीचे सार आपल्या भाषेत एका अक्षरात सापडते: 'च'. "मला ही नोकरी मिळायलाच हवी." "मुलाखतीत मी अडखळता कामाच नये." इच्छा असणे योग्यच आहे, पण तिचा हट्ट झाला की मन अडकते. हट्ट पुरा झाला नाही की पुढचे वाक्य येते, "मग मी कुचकामीच." त्याऐवजी असे म्हणून पाहावे: "ही नोकरी मिळावी असे मला फार वाटते. नाही मिळाली तर वाईट वाटेल, पण मी दुसरी शोधू शकेन." हे नुसते गोड बोलणे नाही, जास्त खरे बोलणे आहे. भाचा मुलाखतीच्या आदल्या रात्री आपली भीती कागदावर लिहून त्यातल्या 'च'वर काट मारत असे.

मुलाखत, आणि आजाराचे सांगावे की नाही

चिंता कमी करण्याचे साधे उपाय उपयोगी पडले. आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून येणे. एक गाडी आधीची धरणे. चार नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे घरात मोठ्याने बोलून पाहणे. मी साहेब होऊन बसायचो. पहिल्या वेळी तो दोन मिनिटांत उठून गेला, पाचव्या वेळी त्याने माझीच चूक काढली.

सर्वांत अवघड प्रश्न असतो, "मधले वर्षभर काय केले?" खोटे सांगू नये आणि सगळी फाइलही उघडू नये. आम्ही बसवलेले उत्तर असे होते: "प्रकृतीच्या कारणाने थांबावे लागले. उपचार घेतले, आता मी नियमित काम करू शकतो. मधल्या काळात टॅली आणि जीएसटीची उजळणी केली." तीन वाक्ये, बस. पुढे कामाबद्दल बोलायचे.

आजाराचे नाव मुलाखतीत आपणहून सांगण्याची सक्ती नाही. मात्र भरतीच्या फॉर्मवर किंवा वैद्यकीय तपासणीत थेट प्रश्न असेल तर तिथे खोटे लिहिणे पुढे अंगाशी येऊ शकते. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कामावर काही सवलत हवी असेल, उदाहरणार्थ महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी, तर रुजू झाल्यावर जेवढे आवश्यक तेवढेच सांगावे.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तो देतो. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून कोणाला आज मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात आहे. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असेही हाच कायदा सांगतो, म्हणून आरोग्य विमा घेताना पॉलिसीत ते कलम पाहून घ्यावे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजारही येतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचा विचार करता येतो. पण प्रत्येक नैराश्य म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. बरेच जण उपचाराने बरे होतात, त्यांना प्रमाणपत्राची गरजच पडत नाही.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात निकाल दिला. केंद्रीय राखीव पोलिस दलातल्या या अधिकाऱ्याला मंत्रचळ आणि नैराश्याचा त्रास होता, आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. मानसिक दिव्यांगत्व हे त्या वागण्यामागचे एक कारण असले तरी अशी कारवाई भेदभाव ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला कायद्याचे संरक्षण दिले. सशस्त्र दलातल्या माणसाला हे मिळाले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पैशाची बाजू

इथे मी माझ्या जुन्या खुर्चीवरून बोलतो. कर्जाचा हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याआधी शाखेत जा. नोकरी गेल्याचे पत्र दाखवून मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून मिळेल का ते विचारा. नेहमी मिळेलच असे नाही, पण आधी आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकले जाते. फोन न उचलणाऱ्याचे खाते मात्र थकीतमध्ये जाते, आणि वसुलीच्या फोनने चिंता दुप्पट होते. एकट्याला जमत नसेल तर घरचे कोणी बरोबर जावे.

दुसरे, खचलेला माणूस ठगांना चटकन सापडतो. नोकरीसाठी नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपची अनामत असे काहीही मागितले तर ती नोकरी नाही. "तुमचे खाते वापरू द्या, कमिशन देतो" असे कोणी म्हणाले तर अजिबात देऊ नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलिस खातेदाराच्या दारी येतात. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करा.

घरचे आणि आपण

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यातली जानकी त्या खचलेल्या तरुणाला घरात घेते आणि त्याची उलटतपासणी करत नाही. ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. मला ती शिकायला सहा महिने लागले.

आपला समाज इथे लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि भेटले की पहिला प्रश्न, "मुलगा सध्या काय करतो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण या एका प्रश्नापायी भाचा दोन वर्षे गणपतीत आला नाही.

तिसऱ्या वर्षी आपल्या एका कार्यकर्त्यांनी त्याला काही विचारले नाही. वर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, "हिशेब जुळत नाही, दोन दिवसांत बघून देशील का?" त्याने तीन दिवस घेतले. चारशे चाळीस रुपयांचा फरक शोधून काढला. एक पावती दोनदा धरली होती. विसर्जनानंतर जमाखर्च त्यानेच वाचून दाखवला, बसल्या जागेवरून, पण वाचला. त्या दिवशी त्याच्या वहीत पाच खुणा होत्या. मी विचारले, पाच कशाच्या? म्हणाला, "आज मोजायचे नाही, मामा."

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याला एका वाहतूक कंपनीत हिशेबाचे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. गोळ्या चालू आहेत. मध्ये एकदा आठवडाभर तो पुन्हा खोलीत बसून राहिला होता, तेव्हा डॉक्टरांकडे लवकर गेलो आणि नोकरी टिकली. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि आता आम्ही तसे विचारतही नाही.

ज्यांच्या घरात आज असे कोणी आहे त्यांना एवढेच सांगतो, की तुमचे घर एकटे नाही. आणि बाकीच्यांना विनंती: यंदा गणपतीत कोणी बऱ्याच दिवसांनी आलेला दिसला तर "सध्या काय करतोस?" विचारू नका. त्याच्या हातात आरतीची पुस्तके द्या आणि वाटायला सांगा.